सूकीचं न ऐकणं

नायिकेला लोकांच्या मनातलं ऐकू येतं, असं रहस्यकथेच्या लेखिकेने पहिल्याच प्रकरणात सांगून टाकलं, तर तिने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला असं कोणीही म्हणेल. खुनी समोरच्या टेबलाशी बिअर पीत बसलेला असणार, नायिका त्याच्यापुढे बर्गरची बशी ठेवणार, आणि त्याचा पेला रिकामा व्हायच्या आत सगळा उलगडा होणार. मग उरलेली पानं लिहायची कशाला? शार्लेन हॅरिस या अमेरिकन लेखिकेने २००१ साली आलेल्या ‘डेड अन्टिल डार्क’ या कादंबरीत हा धोंडा जाणूनबुजून ओढवून घेतला. तिच्या सूकी स्टॅकहाउसला गावातल्या सगळ्यांचं ऐकू येतं. पण ती ऐकत नाही. ऐकायचं नाही असं तिने लहानपणापासून मनाला वळण लावलंय. ओळखीच्या माणसाच्या मनात शिरणं तिला कोणाच्या घरी जाऊन न विचारता कपाटं उघडण्यासारखं वाटतं. गावात एकापाठोपाठ बायकांचे खून पडतात, आणि खुनी लपून राहतो तो सूकीच्या या सभ्यपणाच्या आडोशाला.

या कादंबरीवरून अ‍ॅलन बॉल यांनी एचबीओ वाहिनीसाठी ‘ट्रू ब्लड’ ही मालिका केली. ७ सप्टेंबर २००८ला तिचा पहिला भाग दाखवला गेला आणि सात पर्वं, ऐंशी भाग होऊन २४ ऑगस्ट २०१४ला ती संपली. तोवर कादंबऱ्यांची मालाही वाढत वाढत तेरा पुस्तकांची झाली होती. पुढच्या लेखांत मी फक्त पहिली कादंबरी आणि मालिकेचं बारा भागांचं पहिलं पर्व समोरासमोर ठेवलं आहे. तेवढ्यात गाव तेच आहे, बहुतेक खून तेच आहेत, खुनीही तोच आहे. तरीही दोन्ही संपवल्यावर आपण दोन निरनिराळ्या गावांत राहून आलो असं वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कादंबरीतलं रहस्य सूकीच्या न ऐकण्यावर उभं आहे, आणि कॅमेऱ्याला असलं सोवळं पाळता येत नाही. मालिकेने केलेले मोठे बदल, त्यातले सुंदर आणि फसलेले दोन्ही, या एकाच अडचणीतून निघाले आहेत. आणखी एक गोष्ट. खुनी कोण, हे मी इथे सांगणार नाही. रहस्यकथेच्या प्रस्तावनेत शेवट सांगून मोकळ्या होणाऱ्या विद्वानांचा मला फार जुना राग आहे.

शार्लेन हॅरिस यांचा जन्म १९५१चा, मिसिसिपी राज्यातल्या ट्युनिका गावातला. त्यांची पहिली कादंबरी १९८१ साली आली, म्हणजे व्हॅम्पायरच्या वाटेला जाण्याआधी त्यांनी वीस वर्षं सरळ साध्या रहस्यकथा लिहिल्या होत्या. १९९०पासून त्यांनी अरोरा टीगार्डन ही ग्रंथपाल बाई उभी केली, जिच्या छोट्याशा गावात सभ्य माणसं अधूनमधून मरून पडतात. या जातीच्या रहस्यकथांचे काही नेम असतात. रक्त फारसं दिसू द्यायचं नाही, खुनी बाहेरून आलेला चालत नाही, आणि शोध घेणारी बाई पोलीस नसून गावातलीच, सगळ्यांना ओळखणारी असावी लागते. १९९६पासून त्यांनी लिली बार्ड ही घरोघर साफसफाईची कामं करणारी नायिका घेतली. ती जास्त काळोखी, जास्त जखमी. घरं झाडणाऱ्या बाईला घरातलं सगळं दिसतं आणि ती बोलत नाही. सूकीची बीजं मला अरोरापेक्षा लिलीत जास्त दिसतात.

‘डेड अन्टिल डार्क’ लिहून झाल्यावर ती छापायला प्रकाशक मिळेना. व्हॅम्पायरची म्हणावी तर विनोदी, विनोदी म्हणावी तर त्यात प्रेतं, आणि प्रेतं असून शिवाय प्रेमकथा. दुकानात ती कोणत्या फळीवर लावायची हेच कोणाला कळत नव्हतं. सुमारे दोन वर्षं हस्तलिखित फिरत राहिलं. शेवटी एस बुक्सने ती थेट स्वस्त, कागदी बांधणीत काढली. नंतर रहस्यकथेच्या चाहत्यांच्या संमेलनात दिलं जाणारं अँथनी पारितोषिक तिला मिळालं. भयकथेचं नव्हे, रहस्यकथेचं. हे मी मुद्दाम सांगतोय. मालिका पाहून पुस्तकाकडे येणारे लोक हे पुस्तक मुळात ‘खून कोणी केला’ या प्रश्नाचं आहे हेच विसरतात, आणि मग त्यांना ते पातळ वाटतं.

मराठी वाचकाची व्हॅम्पायरशी ओळख ‘ड्रॅक्युला’मुळे झाली आणि नारायण धारपांनी ती पक्की केली. धारपांच्या ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ आहे, आणि तिथेही एक अख्खं गाव हळूहळू गिळलं जातं. पण त्या गोष्टींत रक्तपिपासू बाहेरून येतो, लपून राहतो, त्याचं असणं हेच रहस्य असतं. हॅरिसनी ते रहस्य पहिल्याच पानावर फेकून दिलं. त्यांच्या जगात व्हॅम्पायर आहेत हे टीव्हीवर जाहीर झालेलं आहे. जपानी शास्त्रज्ञांनी कृत्रिम रक्त तयार केलं, ते बाटलीत मिळू लागलं, तेव्हा माणसांचं रक्त पिण्याची गरज उरली नाही असं सांगत हे लोक शवपेट्यांतून उजेडात आले (उजेडात म्हणजे अर्थातच दिवे लागल्यावर). आपल्याला एका विषाणूची बाधा झाली, त्यामुळे काही दिवस मेल्यासारखं पडून राहावं लागलं आणि पुढे ऊन, चांदी, लसूण सोसेनासं झालं, अशी त्यांची सरकारी भूमिका आहे. ती किती खरी हे सूकीही विचारत नाही. लोकांनी एकमेकांच्या थापा सांभाळून घ्यायच्या, ही त्या गावाची रीतच आहे.

आणि हे गाव न्यू ऑर्लीन्स नाही. अ‍ॅन राइसच्या १९७६च्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ने लुइझियाना म्हटलं की मखमल, मेणबत्त्या आणि खिन्न सरदार असा एक ठसा पाडून ठेवला होता. हॅरिस बरीच वर्षं आर्कान्सा राज्यात, लुइझियानाच्या हद्दीजवळ मॅग्नोलिया गावात राहत होत्या. त्यांचं काल्पनिक बॉन टॉम्प हे लुइझियानाच्या उत्तरेचं, चर्चला जाणाऱ्यांचं, फिरत्या घरांचं, पार्किंगमध्ये मारामारी होणाऱ्या बारचं गाव. बिल कॉम्प्टन हा इथला व्हॅम्पायर अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला. तो वडिलोपार्जित घरी राहायला परत येतो तेव्हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न अमरत्वाचा नसतो. वायरमन आणि प्लंबर दिवसा काम करतात, आणि हा दिवसा झोपलेला. त्यांना फोन कोणी करायचे? ते काम सूकीच्या गळ्यात पडतं. मला ही कादंबरी पहिल्यांदा आवडली ती अशा ठिकाणी.

सूकी पंचवीस वर्षांची, मर्लॉट्स या बारमध्ये वेट्रेस. आजीने वाढवलेली. शिक्षण बेताचं, कारण वर्गात शिक्षकांच्या आणि मुलांच्या मनातलं कानावर येत असताना लक्ष कुठे लागणार? शब्दसंग्रह मात्र दांडगा, तो रोज एक नवा शब्द देणाऱ्या कॅलेंडरातून आणि वाचनालयातल्या रहस्यकथांमधून जमवलेला. आपल्या शक्तीला ती शक्ती म्हणत नाही, अपंगत्व म्हणते. संपूर्ण कादंबरी ती स्वतः सांगते, आणि सांगताना टिप किती मिळाली, कपडे धुवायला कधी टाकले, कोणत्या शिफ्टला कोण आलं नाही, हे सगळं खुनाच्या तपशिलाइतक्याच गंभीरपणे सांगते. तिच्या आवाजात एक खट्याळ घरगुतीपणा आहे. प्रेत सापडल्यावरही ती आधी नीट उभी राहते, मग घाबरते.

बिलच्या प्रेमात ती का पडते, याचं कारण हॅरिसनी जितकं साधं ठेवलंय तितकं या प्रकारच्या कुठल्याच पुस्तकात मी पाहिलेलं नाही. त्याच्या मनातलं तिला ऐकू येत नाही. बस. आजवर कोणत्याही पुरुषाशी जवळीक करताना त्याच्या डोक्यातली बडबड तिला ऐकावी लागली, आणि आता शेजारी बसलेल्या एका माणसाकडून पूर्ण शांतता. देखणेपणा, ताकद, दीडशे वर्षांचा अनुभव या गोष्टी नंतर. ज्या मुलीने उभं आयुष्य न ऐकण्याची मेहनत केली, तिला पहिल्यांदा मेहनत न करता बसता येतं.

आता खून. मॉडेट पिकेन्स ही मुलगी तिच्या घरात गळा दाबून मारलेली सापडते, अंगावर सुळ्यांच्या जुन्या खुणा. मग डॉन ग्रीन, मर्लॉट्समधलीच वेट्रेस. ती कामावर आली नाही म्हणून सूकी बघायला जाते आणि प्रेत तिलाच सापडतं. दोघींनी व्हॅम्पायरशी संबंध ठेवले होते. दोघी सूकीच्या भावाच्या, जेसनच्याही मैत्रिणी होत्या. संशय भावावर येतो तेव्हा सूकी पहिल्यांदा हेतूपूर्वक कान उघडते. टेबलं पुसताना, पेले भरताना, एकेकाच्या मनात डोकावू लागते. तिला मिळतं काय? उसनवारी, हेवा, चावट विचार, जेवणाची चिंता, तिच्याच अंगाबद्दलचे शेरे. हॅरिसची खरी हुशारी इथे आहे. माणसं मनात कबुलीजबाब देत नाहीत. गुन्हा केलेला माणूसही दिवसातला बराच वेळ गाडीच्या टायरचा विचार करत असतो. शिवाय काहींचं मन चिखलासारखं, त्यात काही दिसतच नाही. आणि ज्या मोजक्या माणसांना सूकी आपली मानते, त्यांच्या बाबतीत तिचा जुना नेम पुन्हा आडवा येतो: तिथे ती शिरत नाही. वाचक रहस्यकथांना सरावलेला असला तर त्याला इथेच शंका यायला हवी. मला आली नव्हती.

अ‍ॅलन बॉल यांच्या हाती हे पुस्तक पडलं ते दंतवैद्याची वेळ व्हायची होती म्हणून पुस्तकांच्या दुकानात रेंगाळताना, हा किस्सा त्यांनी अनेकदा सांगितला आहे. ‘अमेरिकन ब्यूटी’च्या पटकथेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं होतं, आणि २००१ ते २००५ या काळात त्यांची ‘सिक्स फीट अंडर’ ही अंत्यविधीचा धंदा करणाऱ्या कुटुंबाची मालिका गाजली होती. मृत्यू आणि घरातली जेवणाची टेबलं एकत्र कशी मांडायची हे त्यांना ठाऊक होतं. ते स्वतः जॉर्जियात वाढलेले, म्हणजे दक्षिणेचेच. नट मात्र त्यांनी चहूकडून आणले. सूकी झालेली अ‍ॅना पॅक्विन न्यूझीलंडमध्ये वाढलेली, बिल झालेला स्टीव्हन मॉयर इंग्रज, जेसन झालेला रायन क्वांटन ऑस्ट्रेलियन आणि शहरातल्या व्हॅम्पायर-बारचा मालक एरिक झालेला अलेक्झांडर स्कार्सगार्ड स्वीडिश. लुइझियानाचं बोलणं सगळ्यांनी शिकून घेतलेलं. ते थोडं जास्तच गोड, जास्तच ओढलेलं झालंय अशी तक्रार दक्षिणेतल्या प्रेक्षकांनी करावी. आपल्याला ते चालून जातं.

पहिल्या भागाचा पहिला प्रसंगच बघा. रस्त्यावरचं एक छोटं दुकान, काउंटरमागे काळे कपडे घातलेला, लांब केसांचा पोऱ्या, आणि एक उनाड जोडपं. व्हॅम्पायर कोण असेल याचा अंदाज प्रेक्षक बांधतो, आणि तो चुकतो. खरा व्हॅम्पायर निघतो तो शिकाऱ्यासारखी टोपी घातलेला, बिअर घ्यायला आलेला जाडजूड गावकरी. प्रसंग उत्तम आहे. पण त्यात सूकी नाही. कादंबरीत असं एकही पान नाही जिथे सूकी नाही. मालिकेने पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं की गोष्ट आता तिची एकटीची राहिलेली नाही.

मला हा निर्णय टाळता येण्यासारखा वाटत नाही. पानावर ‘मी’ म्हणणाऱ्या मुलीच्या आत बसता येतं. पडद्यावर ती आपल्याला बाहेरून दिसते आणि तिच्या डोक्यात घुसणारे आवाज आपल्या कानांवर आदळतात. बॉल यांनी ते आवाज एकावर एक चढवून दाखवले. गर्दीच्या बारमध्ये सूकी ताट घेऊन निघते आणि दहा माणसांचे विचार एकदम सुरू होतात. ऐकणं असं छान दाखवता आलं. पण न ऐकणं कसं दाखवणार? कोणी मन आवरून धरलं तर पडद्यावर काहीच घडत नाही. कादंबरीत वारंवार येणारी ती क्रिया, दार लावून घेणं, मान वळवणं, दुसऱ्याला त्याच्या मनापुरतं एकटं सोडणं, मालिकेत जवळजवळ नाहीशी झाली. पॅक्विनच्या कपाळावरची आठी तेवढी उरली.

आणि कॅमेरा मोकळा झाल्यावर तो घरोघर फिरू लागला. जेसन हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. कादंबरीत तो आपल्याला दिसतो तो बहिणीला दिसतो तेवढाच: लाडावलेला, देखणा, लपवाछपवी करणारा. मालिका थेट त्याच्या बिछान्यापाशी जाते. मॉडेटच्या खोलीत काय झालं याची चित्रफीतच पोलीस आणि आपण बघतो, आणि दुसऱ्या भागातच प्रेक्षकाला कळतं की हा निदान या खुनातला नाही. त्यामुळे संशयाची दोरी सैल पडते. बदल्यात काय मिळतं? एक मूर्ख, लोभस, स्वतःवरच संशय घेणारा माणूस मिळतो, ज्याची गोष्ट खुनाशिवायही चालते. व्हॅम्पायरचं रक्त नशेसाठी विकलं जातं हा कादंबरीतला छोटा धागा मालिकेत जेसनच्या हाती येतो आणि अर्ध्या पर्वाचं कथानक होतो. रहस्यकथा म्हणून हे नुकसान आहे. पण मालिका म्हणजे दर आठवड्याला परत यायला लावणारा धंदा, आणि त्या हिशेबाने बॉल यांचा सौदा फायद्याचा ठरला.

सर्वांत मोठी भर आहे टॅरा थॉर्न्टन. कादंबरीमालेत टॅरा दुसऱ्या पुस्तकात येते. गोरी, स्वतःचं कपड्यांचं दुकान असलेली. मालिकेत ती पहिल्याच भागात, काळी, तोंडाळ, एका ठिकाणी नोकरी न टिकणारी आणि दारुड्या आईचं करता करता वाढलेली अशी होऊन येते. रुटिना वेस्लीने ती फार तीव्र केली आहे. या बदलाने काय साधलं ते एका प्रसंगात दिसतं. बिल पहिल्यांदा सूकीच्या आजीला भेटायला येतो. आजीला जुन्या घराण्यांचा आणि यादवी युद्धाचा भारी नाद; त्या युद्धातल्या सैनिकांच्या वंशजांच्या मंडळाची ती सभासद आहे. कादंबरीत घरात तीनच माणसं. गुलामांचा विषय निघतो, स्टॅकहाउसांच्या एका पूर्वजाकडे एक घरकामाची बाई आणि एक अंगणातला तरुण गुलाम होता असं बिल सांगतो, आणि खऱ्याखुऱ्या साक्षीदाराकडून मिळालेल्या या माहितीने आजी खूश होते. सूकीला त्यात वावगं वाटत नाही. वाटलं असलं तरी ती सभ्य मुलगी आहे.

मालिकेत त्याच दिवाणखान्यात टॅराही बसलेली आहे, आणि तुमच्याकडे गुलाम होते का हा प्रश्न तीच विचारते. बिलचं उत्तर जवळपास पुस्तकातलंच, फक्त गुलाम आता त्याच्या वडिलांचे. आजी पुस्तकातल्यासारखीच हरखते. पण आता खोलीत एक काळी मुलगी आहे, आणि गोड म्हातारी, नम्र व्हॅम्पायर, बर्फ घातलेला चहा यांच्याकडे आपण तिच्या बाजूने बघायला लागतो. फारसं काही न बदलता सगळं बदललं. कादंबरीत काळी माणसं आहेत, पण कडेकडेने; सूकीच्या नजरेची जी मर्यादा तीच पुस्तकाचीही. ती मर्यादा कॅमेऱ्याने ओलांडली, आणि ओलांडायलाच हवी होती. या एका प्रसंगासाठी मी मालिकेचे पुढचे अनेक अतिरेक माफ करतो.

दुसरा प्रसंग आजीच्या मृत्यूनंतरचा. खुनी तिला स्वयंपाकघरात गाठतो, हे दोन्हीकडे आहे. पुस्तकात त्यानंतरचे दिवस सूकी कामांच्या यादीसारखे सांगते, कारण दुःख सांगायची तिची रीत तीच आहे. मालिकेत लोइस स्मिथने केलेली आजी पाच भाग आपल्या अंगवळणी पडलेली असते. अंत्यविधीला सूकी बोलायला उभी राहते, जमलेल्यांच्या मनातलं तिच्याबद्दलचं बरंवाईट तिच्यावर कोसळतं, आणि ती सगळ्यांवर ओरडून त्यांना गप्प राहायला सांगते. कादंबरीतली सूकी असं करणार नाही. पण पडद्यावर तिच्या संयमाचं अस्तित्व दाखवायचं तर तो तुटताना दाखवणं हा एकच मार्ग होता, आणि बॉल यांनी तो नेमका तिथे वापरला. मग ती घरी येते. आजीने मरण्याआधी केलेला ‘पेकन पाय’ हा गोड पदार्थ फ्रीजमध्ये उरलेला आहे. आदल्या दिवशी एका शेजारणीने तो बाहेर काढला म्हणून सूकी तिच्यावर केवढी खेकसली होती. आता ती एकटी टेबलाशी बसून तो खाते, एकेक घास. संवाद नाहीत, कोणाच्या मनातले आवाज नाहीत. निवेदनाची सगळी हत्यारं काढून घेतल्यावर मालिकेला जे करता आलं, त्यातलं हे सर्वांत चांगलं. हे दृश्य पुस्तकात नाही.

मालिका आली त्या दिवसांचाही तिच्यावर शिक्का आहे. शीर्षकगीताच्या दृश्यांत चर्च, दलदल, बाप्तिस्मा, सडणारे प्राणी यांच्यामधून एक पाटी झळकते. समलिंगी माणसांविरुद्धच्या एका कुप्रसिद्ध घोषणेत अक्षर घालून ती व्हॅम्पायरविरोधी केलेली आहे. पहिलं पर्व चालू असतानाच, ४ नोव्हेंबर २००८ला, ओबामा निवडून आले आणि त्याच मतदानात कॅलिफोर्नियाने समलिंगी विवाहांवर बंदी घातली. व्हॅम्पायरना हक्क द्यावेत की नाहीत यावर मालिकेत टीव्हीवर चर्चा चालते, तेव्हा प्रेक्षक काय ऐकत होते हे उघड आहे. बॉल स्वतः समलिंगी आहेत, पण या रूपकाला फार ताणू नका असं तेच सांगत आले. व्हॅम्पायर खरोखर माणसं मारतात, आणि अल्पसंख्याकांवर तसा आरोप ठेवणं धोक्याचं. हॅरिसनी २००१मध्ये ही कल्पना हलक्या हाताने, विनोदात वापरली होती. तिथे ती खुनाच्या हेतूला पुरवठा करते. मालिकेत ती घोषणेपर्यंत जाते आणि कधीकधी तिथेच अडकते.

खुन्याचं नाव न घेता एक फरक सांगता येईल, आणि पुढच्या लेखांतला माझा मुख्य वाद त्याच्यावरच आहे. कादंबरीत तो आहे तोच आहे. गाव त्याला वर्षानुवर्षं ओळखतं, त्याच्या घरचं सगळं लोकांना ठाऊक आहे, आणि त्याच्या रागाचं मूळही त्याच्या स्वतःच्या घरात आहे. सूकीने त्याच्या मनात डोकावलं नाही कारण तो आपल्यातला होता. मालिकेत त्या माणसाचं नाव आणि पूर्वायुष्य उसनं निघतं. तो दुसरीकडून, दुसरी ओळख मागे टाकून आलेला असतो. पटकथेच्या सोयीसाठी केलेला हा बदल असेल. बारा भाग संशय लांबवायचा तर कागदपत्रं, जुना गुन्हा, खोटं नाव यांचा आधार लागतो. पण परिणाम बघा. जिने गावाची भीड न ठेवता प्रत्येकाच्या घरात कॅमेरा नेला, ती मालिका शेवटी खून बाहेरच्याच्या माथी मारते आणि गावाला सोडून देते. आणि जी कादंबरी सूकीच्या शेजारून हलत नाही, दरवेळी दार ठोठावून आत जाते, ती मात्र गावाला सोडत नाही. हॅरिसच्या वीस वर्षांच्या सवयीचा तो नेम: खुनी बाहेरचा चालत नाही. शेवटच्या झटापटीतही हाच फरक आहे. पुस्तकात सूकीला वाचवायला कोणी येत नाही. मालिकेत दोन पुरुष धावत येतात, त्यातला एक उन्हात जळत. शेवटचा घाव सूकीचाच, पण आपलं लक्ष तिघांत वाटलं गेलेलं असतं.

एक गंमत मालिकेने सोडून दिली, तिचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. कादंबरीच्या उत्तरार्धात बब्बा नावाचा व्हॅम्पायर सूकीच्या घरी राखणीला येतो. मेम्फिसच्या शवागारातल्या एका चाहत्याने त्याला मरू दिलं नाही, पण घाईत काहीतरी बिघडलं आणि तो मंदबुद्धी राहिला. त्याला मांजरांचं रक्त आवडतं. त्याचं खरं नाव घेतलेलं त्याला खपत नाही, आणि तो कोण हे वाचकाला दोन वाक्यांत कळतं, कारण त्याचा चेहरा जगातल्या निम्म्या घरांत भिंतीवर लागलेला होता. पानावर हे चालतं. चेहरा वाचकाकडे आधीच असतो, लेखिकेने तो फक्त पुरता सांगायचा नाही. पडद्यावर तिथे कोणीतरी नट उभा करावा लागला असता, आणि नक्कल करणारा तो बिचारा किती का चांगला असेना, विनोद मेला असता. बॉल यांनी बब्बा गाळला ते योग्यच केलं.

उलट बाजूला लफायेत. पुस्तकात मर्लॉट्सचा हा आचारी, काळा, समलिंगी, नटवा, चार ठिकाणी येऊन जातो, आणि दुसऱ्या कादंबरीच्या सुरुवातीलाच त्याचं प्रेत एका पोलिसाच्या गाडीत सापडतं. नेल्सन एलिस या नटाने मालिकेत त्याला असं काही उभं केलं की त्याला मारणं कोणालाच परवडलं नसतं. पहिलं पर्व संपताना त्याच गाडीतून रंगवलेल्या नखांचा एक पाय बाहेर दिसतो. पुस्तक वाचलेल्यांना वाटतं, झालं, गेला. दुसऱ्या पर्वात कळतं की तो पाय दुसऱ्याच कोणाचा होता. लफायेत अखेरपर्यंत राहिला. एलिस २०१७मध्ये वारले.

त्या पायापासून पुढे कादंबऱ्या आणि मालिका यांचे रस्ते फुटतात, म्हणून माझे लेखही तिथेच थांबतात. पुढे सूकीच्या अंगात पऱ्यांचं रक्त असल्याचं निघतं, ते मला दोन्हीकडे नको होतं. शेवटही दोन्हीकडे वेगवेगळे झाले, आणि दोन्हीकडे चाहते चिडले. ज्यांनी दोन्हींपैकी काहीच केलेलं नाही त्यांनी आधी कादंबरी वाचावी. उलट क्रमाने गेलात तर खुनी कोण हे कळलेलं असेल, सूकी बोलू लागली की पॅक्विनचा आवाज कानात येईल, आणि एखाद्याच्या मनाशी येऊन ती मागे फिरते त्या जागा तुमच्या लक्षातही येणार नाहीत. पुस्तक दोन रात्रींत होतं. पहिला लेख मर्लॉट्सच्या पार्किंगपासून सुरू होतो, जिथे एक जोडपं विकायला म्हणून बिलचं रक्त काढत असतं आणि सूकी हातात साखळी घेऊन त्यांच्यावर धावून जाते.